आकड्यांचा बंदोबस्त

विधानसभेत गृहखात्याच्या मागण्या चर्चेला आल्या की दोन आकडे सभागृहापुढे हमखास ठेवले जातात. वर्षभरात गुन्हे किती नोंदले गेले, हा पहिला. आणि त्यांपैकी शेकडा कितींचा छडा लागला, हा दुसरा. पहिला उतरलेला आणि दुसरा चढलेला असला की सत्ताधारी बाके वाजतात. उलट घडले की विरोधी बाकांवरून राजीनाम्याची मागणी होते. एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजूंचे संपूर्ण एकमत असते : पोलिसांच्या कामाचे माप हेच. हे माप कोणी ठरविले, त्याने नेमके काय मोजले जाते, आणि ज्याचे काम मोजावयाचे त्याच्याच हाती तराजू सोपविण्यात कोणता धोका आहे, हे प्रश्न सभागृहात क्वचितच विचारले जातात. ते आज आम्ही विचारू इच्छितो. कारण या मापाची किंमत मंत्र्यांना वा अधिकाऱ्यांना मोजावी लागत नाही, ती पोलीस स्थानकाच्या पायरीवरून परत फिरणाऱ्या सामान्य माणसाला मोजावी लागते.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. एखाद्या पोलीस स्थानकाच्या हद्दीत वर्षाकाठी १०० घरफोड्या झाल्या आणि ३० प्रकरणांचा छडा लागला, तर तपासाचे प्रमाण शेकडा ३० झाले. आता समजा, उरलेल्या ७० तक्रारींपैकी ज्यांत चोर सापडण्याची आशा मुळातच दिसत नव्हती, अशा ५० तक्रारी लिहूनच घेतल्या नाहीत. कागदावर घरफोड्या उरल्या ५०, छडा लागला ३० चा, आणि प्रमाण झाले शेकडा ६०! एकही चोर अधिक पकडला गेला नाही, एकही चोरीचा दागिना अधिक परत मिळाला नाही, रात्रीची गस्त एका पावलाने वाढली नाही. तरीही गुन्हे निम्म्यावर आले आणि कार्यक्षमता दुप्पट झाली. हा चमत्कार लेखणीने नव्हे, लेखणी न उचलल्याने घडतो. ज्या मापात काम न केल्याने काम वाढलेले दिसते, ते माप सदोष आहे हे कळण्यास गणितज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

लेखणी न उचलण्याच्या रीतीही ठरलेल्या आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखाद्या बाईची पर्स गर्दीत मारली गेली, तर ‘चोरी’ऐवजी ‘हरवली’ असे लिहून देण्याचा सल्ला तिला मिळू शकतो. मोबाइल तर चोरीला जातच नाहीत. ते ‘गहाळ’ होतात. मारहाणीची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवून हाती कागद दिला की तपासाची जबाबदारी उरत नाही. फिर्यादी लेखी अर्ज घेऊन आला तर त्यावर शिक्का मारून ‘चौकशी करू’ असे आश्वासन देता येते. तो बिचारा शिक्का पाहून समाधानाने घरी जातो आणि आपली तक्रार गुन्ह्यांच्या नोंदवहीत चढलीच नाही, हे त्याला कित्येक महिन्यांनी कळते. हद्दीचा प्रश्न उपस्थित करून शेजारच्या स्थानकाकडे बोट दाखविणे, हा तर सर्वांत जुना उपाय. यांतील प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. परंतु राज्याचा वार्षिक आकडा अशाच क्षुल्लक गोष्टींच्या बेरजेतून सिद्ध होतो.

यात ठाणे अंमलदाराला खलनायक ठरविणे सोपे आहे. आम्ही तसे करणार नाही. मासिक आढावा बैठकीत वरिष्ठ अधिकारी गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा शेजारी शेजारी मांडतात आणि ‘तुमच्याकडे घरफोड्या का वाढल्या?’ असा जाब विचारतात. त्या निरीक्षकाने प्रत्येक तक्रार इमानाने लिहून घेतली असेल तर बोलणी त्यालाच खावी लागतात. शेजारच्या हद्दीत ज्याने निम्म्या तक्रारी दारातूनच परत धाडल्या, त्याची पाठ थोपटली जाते. प्रामाणिक नोंदीला शिक्षा आणि लपवाछपवीला बक्षीस अशी व्यवस्था आपणच उभारावयाची आणि पोलीस लपवाछपवी करतात म्हणून आपणच हळहळावयाचे, हा दुटप्पीपणा झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे मूठ झाकणाऱ्याला त्याच्या वरिष्ठांनीच शिकविलेले असते.

हा दोष किती खोल गेला आहे, याची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने करून ठेविली आहे. ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्वाळा दिला, की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदणे पोलिसांवर बंधनकारक आहे. त्याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटले, की २०१२ साली देशात सुमारे ६० लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि न नोंदता दाबले गेलेले गुन्हेही दर वर्षी जवळपास तितकेच असू शकतील. याचा अर्थ एवढाच, की आपण ज्याला देशातील गुन्हेगारीचे चित्र म्हणतो, त्याचा अर्धा भाग चित्राच्या चौकटीबाहेरच राहिला असण्याचा संभव आहे. पुढे २०१७ साली एका संशोधन संस्थेने दिल्ली, मुंबई, चेन्नई व बंगळूर या चार शहरांत घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा चोरीला बळी पडलेल्या दहा कुटुंबांमागे एकाचाही एफआयआर झालेला आढळला नाही. त्यांतील अनेकजण पोलिसांकडे गेलेच नव्हते. गेल्याने काही होत नाही, हा समज ज्या समाजात दृढ होतो, तेथे गुन्ह्यांचा आकडा आपोआप उतरतो. असे उतार अभिमानाचे नव्हेत.

कोणत्या रकान्यात नोंद केली यावर एखाद्या प्रकरणाचे भवितव्य कसे ठरते, याचे उदाहरण शोधण्यासाठी गोमंतकीयांना दूर जावे लागत नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये हणजूणच्या किनाऱ्यावर पंधरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह आढळला. पोलिसांनी प्रथम तो बुडून झालेला मृत्यू मानला. बुडून झालेल्या मृत्यूत आरोपी नसतो, तपास लागला नाही असे म्हणण्याचा प्रश्न येत नाही, आणि पर्यटनाच्या ऐन हंगामात खुनाचा बोभाटाही होत नाही. त्या मुलीच्या आईने हा निष्कर्ष नाकारला. दुसरी उत्तरीय तपासणी झाली, अंगावरील जखमा पुढे आल्या आणि मग खुनाचा गुन्हा नोंदला गेला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१६ साली दोन्ही आरोपी सुटले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतील एकास दोषी ठरवून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. घटनेपासून तोवर अकरा वर्षे लोटली होती. आरंभीचे ते मौल्यवान दिवस एका चुकीच्या रकान्यात वाया गेले. ती आई परदेशी होती, तिच्या पाठीशी तिकडची वृत्तपत्रे उभी राहिली. म्हणून रकाना बदलला. ओडिशातून वा झारखंडातून आलेल्या एखाद्या मजुराची मुलगी अशी सापडली असती, तर रकाना बदलण्यासाठी कोणी भांडले असते काय?

देशपातळीवरील आकडेही असेच सावधपणे वाचावे लागतात. ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ च्या आकड्यांपासून निघतो आहे आणि १९८६ साली स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो प्रसिद्ध करतो. नोंदणीतील वाढ म्हणजे गुन्हेगारीतील वाढ असे समजू नये, असा इशारा या अहवालाचे कर्ते स्वतःच वाचकांना देतात; पण तो वाचतो कोण? २०२० साली देशातील एकूण गुन्हे आदल्या वर्षीच्या ५१ लाख ५६ हजारांवरून ६६ लाखांवर गेले, म्हणजे शेकडा २८ ने वाढले. देश काय एका वर्षात गुन्हेगार झाला? त्या वर्षी करोनाची टाळेबंदी होती. सरकारी आदेशाचा भंग केल्याबद्दलचे, म्हणजे १८८ व्या कलमाखालचे गुन्हे २९ हजारांवरून ६ लाख १२ हजारांवर गेले होते. माणसे घरांत कोंडलेली असल्याने चोऱ्यांची नोंद प्रत्यक्षात घटली होती. याच्या उलट उदाहरण दिल्लीचे. डिसेंबर २०१२ मधील त्या अमानुष घटनेने देश हादरला, कायदा बदलला, तक्रार नाकारणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद झाली. दिल्लीत २०१२ साली बलात्काराचे ७०६ गुन्हे नोंदले गेले होते. २०१३ साली ते १,६३६ झाले. एका वर्षात पुरुषजात दुपटीने नीच झाली, असे कोणी म्हणणार नाही. पूर्वी ज्या स्त्रियांना परत पाठविले जात होते, किंवा ज्या घराबाहेरच पडत नव्हत्या, त्यांच्यापैकी काहींना अखेर दार उघडे मिळाले. येथे वाढलेला आकडा सुधारणेची खूण होती. तक्रार नोंदण्यात तत्पर मानले जाणारे केरळ गुन्ह्यांच्या दरात वारंवार देशात वरच्या क्रमांकांवर दिसते, यावरून केरळात राहणे सर्वांत धोक्याचे आहे असा निष्कर्ष काढणारा स्वतःचीच फसवणूक करून घेतो.

हा रोग केवळ आपल्याच मातीतला, गरिबीतून व अपुऱ्या मनुष्यबळातून आलेला आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. ज्या देशांच्या पोलिसांचे दाखले आपल्याला उठताबसता दिले जातात, तेही यातून सुटलेले नाहीत. न्यूयॉर्कच्या पोलीस दलाने १९९४ साली ‘कॉम्पस्टॅट’ नावाची पद्धती सुरू केली. दर आठवड्याला आकडे गोळा करावयाचे आणि विभागप्रमुखाला भर बैठकीत उभे करून त्यांचा जाब घ्यावयाचा. तेथील गुन्हे घटले, आणि खुनांची संख्याही मोठ्या प्रमाणावर घटली. खून सहसा लपविता येत नाही, म्हणून ती घट खरी मानण्यास प्रत्यवाय नाही. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शंभरांहून अधिक निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सांगितले, की आकडे उतरविण्याच्या दडपणाखाली नोंदींत फेरफार होत असत. तेथे हजार डॉलरांवरील चोरी ही मोठ्या गुन्ह्यांत मोडते. तेव्हा चोरीच्या वस्तूची स्वस्तातली किंमत शोधून तो माल हजाराच्या आत बसविण्यात येई. आपल्याच स्थानकातील हे प्रकार गुपचूप ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका शिपायाला २००९ साली घरातून उचलून मनोरुग्णांच्या कक्षात सहा दिवस ठेवले गेले. २०१५ साली त्या शहराला त्याच्याशी सहा लाख डॉलरांना तडजोड करावी लागली.

इंग्लंडची कहाणी अधिक बोधप्रद आहे. तेथील सरकारने २००७-०८ पर्यंत वर्षाला साडेबारा लाख गुन्हे ‘न्यायाच्या कक्षेत’ आणण्याचे उद्दिष्ट पोलिसांपुढे ठेवले. उद्दिष्ट मुदतीपूर्वीच पुरे झाले. कसे? घरफोड्या शोधण्यास महिने लागतात. शाळेच्या आवारात मारामारी करणारे पोर तासाभरात सापडते. दोन्हींचे गुण सारखेच. तेव्हा पोरांवर पोलिसी नोंदींचा वर्षाव झाला, आणि ज्यांना एरवी दटावून घरी पाठविले असते, त्यांच्या नावापुढे आयुष्यभराचा डाग लागला. पुढे २०१० साली मध्यवर्ती उद्दिष्टे रद्द झाली, तरी सवय सुटली नाही. जानेवारी २०१४ मध्ये तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे-आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जाच काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाने सर्व ४३ पोलीस दलांची तपासणी केली, तेव्हा नागरिकांनी कळविलेल्या गुन्ह्यांपैकी शेकडा १९, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक, नोंदलेच जात नसल्याचे उघड झाले. लैंगिक गुन्ह्यांत हे प्रमाण शेकडा २६, तर हिंसक गुन्ह्यांत ३३ होते.

एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्लंडात हे उघड झाले, कारण उघड करणारी यंत्रणा पोलीस खात्याच्या बाहेर होती. सांख्यिकी प्राधिकरण गृहमंत्र्यांच्या हाताखाली नव्हते. सेवेत असलेल्या एका शिपायाची साक्ष पार्लमेंटच्या समितीने ऐकून घेतली. आणि १९८२ पासून तेथे घरोघरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्यावर कोणता गुन्हा घडला?’ असे थेट नागरिकांना विचारणारी स्वतंत्र पाहणी होत आली आहे. पोलिसांचा आकडा आणि जनतेचा आकडा शेजारी ठेवता येतो, म्हणून खोटेपणा पकडता येतो. आपल्याकडे शेजारी ठेवावयास दुसरा आकडाच नाही.

मग मोजमाप सोडूनच द्यावयाचे काय? तसे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्या खात्याला शस्त्रे, कोठडी आणि जनतेच्या घरात शिरण्याचा अधिकार दिला आहे, त्या खात्याकडून हिशेब मागितलाच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्या आकड्याचा चढउतार पोलिसांच्या लेखणीवर अवलंबून आहे, त्या आकड्यावर त्यांची परीक्षा घेऊ नये. ताप उतरला असे दाखविण्यासाठी तापमापक थंड पाण्यात बुडविणाऱ्याला वैद्य कोण म्हणेल? मटक्यावरील छापे, वाहतूक चलाने, भाडेकरूंच्या पडताळणीचे अर्ज हे सारे मोजण्यास सोपे असते, म्हणून अहवालांची पाने त्यांनी भरतात. मोजण्यास सोपे ते महत्त्वाचे, हा न्याय कारकुनीत चालेल. रक्षणाच्या कामात चालणार नाही.

मोजण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. छडा लागल्याचे पोलिसांनी जाहीर केलेल्या प्रकरणांपैकी किती न्यायालयात टिकली? ‘छडा’ पोलीस स्वतःच जाहीर करतात. दोषसिद्धी न्यायाधीश ठरवितात, आणि दोहोंतील अंतर दरवर्षी सभागृहाला कळले पाहिजे. एकूण टक्केवारीऐवजी घरफोडीत किती, विनयभंगात किती, अमली पदार्थांच्या व्यवहारात किती, असा स्वतंत्र हिशेब हवा. कारण जागीच आरोपी सापडणारे गुन्हे आणि दीर्घ तपासाचे गुन्हे एका टोपलीत घातले की चांगल्या फळांखाली नासकी फळे झाकता येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही हद्दीतील स्थानकात खबर देण्याची मुभा दिली आहे आणि तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळविण्याचे बंधन घातले आहे. किती फिर्यादींना हे प्रत्यक्षात कळविले गेले, हा आकडा मागावा. याच संहितेने तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंदीपूर्वी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची सवलतही वरिष्ठांच्या परवानगीने दिली आहे. ही फट किती वेळा वापरली गेली आणि त्यानंतर किती प्रकरणे नोंदलीच गेली नाहीत, हेही मागावे. नाहीतर १४ दिवसांचे १४ महिने होण्यास वेळ लागणार नाही.

यासाठी नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल देऊन पोलीस सुधारणांची दिशा स्पष्ट केली होती. ते अहवाल धूळ खात पडले. अखेर प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात सुरक्षा आयोग स्थापण्याचा आदेश दिला. त्या आयोगाच्या कामांत राज्याच्या पोलिसांच्या कामगिरीचे मूल्यमापन करणे आणि तो अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे हे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणजे मापाची दांडी गृहखात्याच्या हातून काढून घेण्याचा मार्ग कधीच आखला गेला आहे. आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात पहिला प्रश्न विचारावा, तो या अहवालाचा. आणि गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा प्रवास एका दिवसात होतो, तेथे दरसाल काही हजार घरांत जाऊन नागरिकांनाच विचारणारी स्वतंत्र पाहणी करणे अवघड नाही. आमच्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकविले जाते. त्याचा उपयोग एकदा जनतेसाठी होऊ द्या.

शांततेच्या आकड्यांविषयी गोमंतकीय जनतेने विशेष सावध असावे, याला एक ऐतिहासिक कारणही आहे. सालाझारच्या राजवटीत या भूमीवर सर्वत्र सुव्यवस्था नांदत असल्याचे जगाला सांगितले जात होते. वृत्तपत्रातील ओळन्ओळ छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जात होती, आग्वादच्या तुरुंगात सत्याग्रही खितपत पडले होते, आणि आजेंत मोंतेरोच्या हाताखालून गेलेल्यांच्या पाठीवर त्या सुव्यवस्थेचे वळ होते. यांतले काहीही कोणत्या तक्त्यात आले नव्हते. तक्रार लिहून घेणारा कोणी नसला की राज्य शांतच दिसते. १९ डिसेंबर १९६१ नंतर आपण ज्या राज्यव्यवस्थेचे नागरिक झालो, तिचे वेगळेपण यातच आहे, की येथे फिर्यादीच्या तोंडचे शब्द लिहून घेणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे, त्याची मेहेरबानी नव्हे. ते कर्तव्य पाळणाऱ्या अंमलदाराला आकडा वाढविल्याबद्दल बोलणी बसणार असतील, तर मुक्तीचा अर्थ त्या टेबलापर्यंत अद्याप पोहोचलेला नाही, असेच म्हणावे लागेल.

पुढच्या अधिवेशनात गुन्हे कमी झाल्याची घोषणा होईल, तेव्हा बाके वाजविण्यापूर्वी आमच्या लोकप्रतिनिधींनी एवढेच विचारावे : स्थानकाच्या पायरीपर्यंत आलेल्या किती माणसांना न लिहिता परत पाठविले? या प्रश्नाचे उत्तर गृहखात्याजवळ नसेल, तर पहिल्या आकड्याला काडीचीही किंमत नाही. आणि ते उत्तर शोधण्याची तयारी सरकारने दाखविली, तर त्या वर्षी गुन्ह्यांचा आकडा वाढेल. तो वाढू द्यावा. त्या वाढीबद्दल गृहमंत्र्यांचा राजीनामा मागणार नाही, एवढे वचन विरोधी पक्षाने आधीच द्यावे. आम्हीही या स्तंभातून ते देत आहोत.